राखणदारावरचा पहारा

१६ डिसेंबर २०११ रोजी टॉर प्रकल्पाने इंटरनेटवर ओळख लपवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरची ०.२.२.३५ ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती झाडून सगळ्यांनी घ्यावी असं बजावलं. हा नेहमीच्या किरकोळ दुरुस्त्यांचा मामला नव्हता. येणारा-जाणारा डेटा टॉर ज्या तात्पुरत्या जागेत साठवतो, तिथल्या एका हिशेबात चूक निघाली होती आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर डेटा सांडू शकत होता. संगणकाच्या भाषेत याला हीप ओव्हरफ्लो म्हणतात. सांडणारा डेटा कुणी मुद्दाम रचून पाठवला असेल, तर प्रोग्राम त्यालाच हुकूम समजून पाळू लागण्याची भीती असते.

घरच्या संगणकावर टॉर साध्या पद्धतीने वापरणाऱ्याला या चुकीचा धोका कमी होता. ज्यांनी आपल्या टॉरचं दार इतर यंत्रांसाठी उघडं ठेवलं होतं, किंवा टॉरलाच आणखी एका प्रॉक्सीमार्फत बाहेर पाठवलं होतं, ते खरे कचाट्यात सापडले होते. दुरुस्ती वेळेत आली. पण माणसाची ओळख लपवण्यासाठी जो प्रोग्राम चालवायचा, तोच परक्याच्या ताब्यात गेला तर काय, हा प्रश्न त्या दिवशी पुन्हा ठळकपणे समोर आला. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

लिनक्सच्या जगात त्याचं उत्तर तयार होतं: राखणदारावरही पहारा बसवायचा. टॉरने कोणत्या फाइली वाचाव्यात, कोणत्या लिहाव्यात, कोणते पोर्ट उघडावेत, दुसरा कोणता प्रोग्राम चालवावा, याची यादी आधीच लिहून ठेवायची. ती पाळून घेण्याचं काम टॉरकडे द्यायचं नाही, ते थेट कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे सोपवायचं. याला मॅन्डेटरी ॲक्सेस कंट्रोल म्हणतात. मराठीत सक्तीचं प्रवेश-नियंत्रण म्हणता येईल. त्याचा इतिहास टॉरहून कितीतरी जुना आहे. आणि ओळख लपवणारी टॉरची कल्पना व पहारा ठेवणारी ही कल्पना, दोन्ही अमेरिकेच्या संरक्षण यंत्रणेच्या आश्रयाने वाढल्या.

टॉरच्या मुळाशी डेव्हिड चॉम यांचा १९८१ सालचा निबंध आहे. ई-मेल पाठवणारा आणि घेणारा यांची सांगड कुणालाही घालता येऊ नये, असा त्यांचा हेतू होता. पत्र अनेक मध्यस्थांमधून जाणार, प्रत्येक मध्यस्थ आपल्या वाट्याचं एक सांकेतिक आवरण काढणार, हाती आलेल्या पत्रांचा क्रम ढवळणार आणि पुढे धाडणार. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकल रीड आणि पॉल सायव्हरसन यांनी ही कल्पना इंटरनेटच्या रोजच्या, झटपट उत्तर लागणाऱ्या वापरासाठी बेतायला घेतली. संदेशाभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक आवरणं असतात, म्हणून तिचं नाव ओनियन राउटिंग पडलं.

नौदलाची अडचण साधी होती. फक्त नौदलाचे लोक वापरतील असं जाळं उभारलं, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नौदलाचा हे जगजाहीर होणार. लपायचं तर गर्दीत लपावं लागतं, आणि गर्दी हवी तर जाळं सगळ्यांना खुलं करावं लागतं. एमआयटीत शिकलेले रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन सायव्हरसन यांना येऊन मिळाले आणि २००२ मध्ये टॉरचं काम मार्गी लागलं. ऑक्टोबर २००३ मध्ये सार्वजनिक जाळं सुरू झालं, तेही मुक्त परवान्यासह. ऑगस्ट २००४ मध्ये या तिघांचा निबंध युझनिक्सच्या सुरक्षा परिषदेत सादर झाला. डिसेंबर २००६ मध्ये टॉर प्रकल्प ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

टॉरमधला साधा मार्ग तीन रिलेंमधून, म्हणजे मध्यस्थ यंत्रांमधून, जातो. पहिल्या रिलेला वापरणारा कोण हे दिसतं, पण तो कुठे चालला आहे हे दिसत नाही. तिसऱ्याला मुक्काम दिसतो, प्रवासी दिसत नाही. मधल्याला दोन शेजारी रिले तेवढे कळतात. पूर्ण माहिती एकाही रिलेच्या हाती लागू द्यायची नाही, यावर सगळी रचना उभी आहे.

वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावरच्या टॉरला मात्र सगळं ठाऊक असतं. प्रवासी कोण, मार्ग कोणता, मुक्काम कुठला, हे सगळं त्या एका प्रोग्रामच्या स्मृतीत एकत्र असतं. रिले चालवणाऱ्याच्या यंत्रावर टॉर त्या रिलेच्या ओळखीची खासगी किल्ली सांभाळतो. ओनियन सेवा, म्हणजे स्वतःचा ठावठिकाणा लपवून चालणारी साइट, ज्याच्याकडे आहे त्याच्या यंत्रावर तर त्या सेवेचा पत्ताच एका किल्लीवर टिकून असतो. ती चोरणारा उद्या त्याच पत्त्यावर स्वतःचं दुकान थाटू शकतो. जाळ्यात वाटून दिलेला विश्वास यंत्रावर पुन्हा एकाच जागी गोळा होतो. तिथे तो पुन्हा वाटायचा कसा, यावर संगणकशास्त्रज्ञांनी टॉरच्या कितीतरी आधी डोकं लावलं होतं.

एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत १९६०च्या दशकात रुळली, आणि गुप्त कागद सांभाळणाऱ्यांना धडकी भरली. एकाच यंत्रात एकाची गुपितं आणि दुसऱ्याचे प्रोग्राम शेजारी शेजारी राहू लागले होते. रँड संस्थेतल्या विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने याचा अभ्यास केला. १९७० सालचा त्यांचा अहवाल सुरुवातीला गोपनीयच होता. १९७२ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी केलेल्या अहवालात रेफरन्स मॉनिटरची कल्पना पुढे आली. हा पहारेकरी प्रत्येक मागणीच्या आड उभा राहिला पाहिजे, त्याला कुणालाही फिरवता येता कामा नये, आणि तो इतका लहान असावा की त्याची अचूकता तपासून घेता येईल. या तीन अटी आजही सुरक्षेच्या वर्गात शिकवल्या जातात.

१९७३ मध्ये मायटर संस्थेतल्या डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापाडुला यांनी लष्करी गोपनीयतेचे दोन नियम गणिताच्या भाषेत बसवले. खालच्या दर्जाच्या माणसाने वरच्या दर्जाचा कागद वाचायचा नाही, आणि वरच्याने खालच्या दर्जाच्या कागदावर लिहायचं नाही. दुसरा नियम पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटतो. पण मोठ्या अधिकाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये कुणी छुपा फितूर बसवला असेल, तर तो गुप्त मजकूर उचलून खालच्या उघड्या फाइलीत ओतेल. हा नियम त्या फितुराचा हात धरतो. अधिकारी प्रामाणिक असला तरी त्याच्या नावाने चालणारा प्रोग्राम प्रामाणिक असेलच असं नाही, ही जाण इथे नियमाच्या रूपात उतरली.

त्याच वर्षी झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या बटलर लॅम्पसन यांचा बंदिस्ततेच्या प्रश्नावरचा छोटासा टिपणवजा निबंध आला. त्यांचा प्रश्न असा: माझा डेटा मी दुसऱ्याने लिहिलेल्या सेवेला वापरायला दिला, तर ती सेवा तो बाहेर पोहोचवणार नाही याची खात्री कशी करायची? लॅम्पसन यांनी गळतीच्या वाटा एकेक करून मोजल्या. सेवा डेटा फाइलीत लिहून ठेवेल. ग्राहकाला पाठवायच्या बिलाच्या आकड्यांत तो दडवेल. यातलं काहीच जमलं नाही तर यंत्राचा वेग मुद्दाम कमी-जास्त करून शेजारच्या साथीदाराला इशारे देईल. टॉरसारख्या सेवेबद्दल आज जी काळजी वाटते, ती लॅम्पसन यांनी इंटरनेट जन्मण्याआधी इतक्या नेमकेपणाने मांडली होती. १९७५ मध्ये एमआयटीचे जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी सुरक्षेची आठ तत्त्वं सांगितली. त्यांतलं एक म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार द्यावेत.

प्रत्यक्षात जग गेलं युनिक्सच्या वाटेने, आणि युनिक्समध्ये फाइल कुणी वाचावी हे फाइलीचा मालक ठरवतो. प्रोग्राम ज्याच्या नावाने चालतो त्याचे सगळे अधिकार प्रोग्रामला आपोआप मिळतात. रूट या सर्वाधिकारी खात्याला तर कुठलंच दार बंद नसतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने याची किंमत दाखवली. अनेक यंत्रांवर पार्श्वभूमीला चालणाऱ्या साध्या सेवांमधल्या चुकांतून तो आत शिरला आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. १९७९च्या युनिक्समध्ये आलेला चरूट हा आदेश प्रोग्रामला एका ठरावीक फोल्डरापुरतं जग दाखवू शकत होता. पण तो मुळात कोंडून ठेवण्यासाठी बनलेला नव्हता, आणि रूट अधिकार हाती असलेल्या प्रोग्रामला त्यातून निसटणं जमत होतं.

लष्करी दर्जांचे नियम साध्या सर्व्हरला लागू पडत नव्हते. वेब सर्व्हर ‘गोपनीय’ की ‘अतिगोपनीय’, या प्रश्नाला अर्थच नाही. वाट काढली ती हनीवेलमधले अर्ल बोबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड केन यांनी. १९८५ मध्ये त्यांनी टाइप एन्फोर्समेंट ही पद्धत मांडली. तिच्यात दर्जाची उतरंड नाही. प्रत्येक चालू प्रोग्रामला एक जात, प्रत्येक फाइलीला एक जात, आणि कोणत्या जातीच्या प्रोग्रामने कोणत्या जातीच्या फाइलीवर काय करावं याचा एक तक्ता. तक्त्यात नोंद नसेल ते सगळं बंद. पुढे अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था एनएसए, सिक्योर कम्प्युटिंग कॉर्पोरेशन आणि युटा विद्यापीठ यांनी मिळून याच कल्पनेवर फ्लास्क ही रचना घडवली. एनएसएच्या पीटर लोस्कोको, स्टीफन स्मॉली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एका निबंधात ठामपणे मांडलं की गाभ्यातच सक्तीचं नियंत्रण नसेल, तर वरच्या थरावरची कुठलीही सुरक्षा अखेर कोसळणारच.

त्यांनी आपली रचना लिनक्समध्ये बसवली आणि २२ डिसेंबर २००० रोजी मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली केली. तिचं नाव एसईलिनक्स. गुप्तहेर संस्थेने स्वतःचा कोड असा उघड्यावर ठेवावा याचं अनेकांना नवल वाटलं. मार्च २००१ मध्ये सॅन होजे इथे लिनक्स कर्नलच्या विकासकांसमोर तो सादर झाला, तेव्हा लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी तो सरसकट घ्यायला नकार दिला. सुरक्षेबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, मग एकाचंच मत कर्नलमध्ये का गाडायचं? आधी कुठलीही सुरक्षा-पद्धत अडकवता येईल अशा खुंट्या तयार करा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या खुंट्या म्हणजे लिनक्स सिक्योरिटी मॉड्यूल्स. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या कर्नलमध्ये खुंट्याही होत्या आणि त्यांना अडकवलेलं एसईलिनक्सही होतं.

सामान्य लिनक्स वापरणाऱ्यांशी त्याची पहिली भेट कडू झाली. मे २००४च्या फेडोरा कोअर २ या लिनक्समध्ये यंत्रावरच्या यच्चयावत प्रोग्रामना लागू होणारी कडक नियमावली होती. माणसांच्या कामाच्या सवयी तिच्यात मावेनात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडोरा कोअर ३ आलं ते वेगळा विचार घेऊन. बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या मोजक्या सेवाच बंदिस्त करायच्या, वेब सर्व्हर, नावांचे पत्ते सांगणारा सर्व्हर, डेटाबेस अशा, आणि बाकी यंत्राला हात लावायचा नाही. या निवडक नियमावलीमुळेच एसईलिनक्स लोकांच्या यंत्रांवर चालू राहिलं. एसईलिनक्समध्ये टॉरसारख्या एकट्या सेवेला कोंडण्याची रीतही इथूनच पडली.

दुसऱ्या टोकाला, ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात, क्रिस्पिन कोवन आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाला वेगळ्या हाताने भिडले होते. त्यांच्या इम्युनिक्स या लिनक्समध्ये सबडोमेन नावाची सोय होती. फाइलींना जातीची लेबलं चिकटवायची नाहीत, फाइलीचा मार्ग म्हणजे तिचा पत्ताच नियमात लिहायचा, असा त्यांचा सरळ हिशेब. नियमावली साध्या मजकुरात, डोळ्यांनी वाचून समजेल अशी. शिकण्याची एक अवस्थाही होती. प्रोग्राम काही दिवस मोकळा चालू द्यायचा, तो कुठे कुठे हात घालतो याची नोंद ठेवायची, आणि त्या नोंदीवरून नियम लिहायचे. कोवन यांच्याच मंडळींनी कर्नलमधल्या त्या खुंट्या ठोकण्याच्या कामात पुढाकार घेतला होता, आणि त्यांवर आधी प्रतिस्पर्धी एसईलिनक्स टांगलं गेलं. २००५ मध्ये नॉव्हेलने इम्युनिक्स विकत घेतलं, सबडोमेनचं नाव ॲपआर्मर झालं, आणि २००७ मध्ये त्याच नॉव्हेलने हा चमू मोडला. तोवर उबुंटूने ॲपआर्मर आपलंसं केलं होतं, आणि उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल हिने पुढचं काम उचललं.

लेबल बरं की पत्ता बरा, यावर विकासकांमध्ये वर्षानुवर्षं खडाजंगी झाली. लेबलवाले म्हणत, एकाच फाइलीला दोन पत्ते असू शकतात, मग पत्त्यावर विसंबायचं कसं? पत्तेवाले म्हणत, जी नियमावली माणसाला वाचता येत नाही ती तो बंदच करून टाकेल. ऑक्टोबर २०१० मध्ये २.६.३६ या कर्नलने ॲपआर्मरलाही मूळ प्रवाहात जागा दिली. दोन्ही पद्धती आजही शेजारी नांदतात. फेडोरा आणि रेड हॅटच्या यंत्रांवर एसईलिनक्स, उबुंटू आणि डेबियनवर ॲपआर्मर. टॉरला या दोन्हींकडे आपापली कोठडी मिळाली आहे.

त्या जानेवारीत, म्हणजे २०१० मध्येच, टॉरला या कोठड्यांची गरज किती आहे याचा दाखला मिळाला होता. रिलेंची अधिकृत यादी ठरवणारे मोजके विश्वासू सर्व्हर असतात, त्यांना डिरेक्टरी ऑथॉरिटी म्हणतात. तेव्हा ते सात होते, आणि त्यांतल्या दोहोंत कुणीतरी घुसल्याचं उघड झालं. आकडेवारी ठेवणारा तिसरा एक सर्व्हरही त्यांच्या तावडीत सापडला. डिंगलडाइन यांनी लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. घुसखोरांना आपण कुठे शिरलो आहोत याचा पत्ताच नसावा, भरपूर बँडविड्थचे सर्व्हर मिळाले म्हणून इतरांवर हल्ले करायला ते त्यांनी वापरले, असं त्यांचं निरीक्षण होतं. एका यंत्रावर टॉरचा सोर्स कोड सांभाळणारं भांडारही होतं. कोड बदलला गेला नसल्याची खातरजमा झाली, किल्ल्या बदलल्या गेल्या. एकाच यंत्रावर अनेक कामं एकत्र राहतात, तेव्हा एकात शिरलेला चोर शेजाऱ्याच्या जामदारखान्यापर्यंत चालत जातो, हे यातून सगळ्यांनी पाहिलं.

टॉरच्या कोठडीत आहे तरी काय? डेबियनमध्ये टॉरसोबत येणारी ॲपआर्मरची नियमावली उघडून पाहिली तर ती वाचायला फार वेळ लागत नाही. टॉरने आपली सेटिंगची फाइल वाचावी, लिहू नये. किल्ल्या आणि रिलेंची यादी असलेल्या स्वतःच्या फोल्डरात लिहावं-वाचावं. नोंदवहीत भर घालावी. नेटवर्क वापरावं. सुरुवातीला रूट म्हणून उठून नंतर साध्या खात्यावर उतरायला लागतात तेवढे खास अधिकार असावेत. सेन्सॉरशिप चुकवण्यासाठी टॉर ज्या मदतनीस प्रोग्रामना हाक मारतो, त्यांना चालवायची मुभा असावी. यापलीकडे काही नाही. कुणाचे फोटो, कुणाचा पत्रव्यवहार, शेजारच्या वेब सर्व्हरची फाइल, यांतलं काहीही मागितलं तर कर्नल नकार देतो आणि नकाराची नोंद करतो.

एसईलिनक्सच्या नियमावलीत टॉरला टॉर-टी नावाची स्वतःची जात आहे. त्याच्या किल्ल्यांच्या फोल्डराला वेगळी, नोंदवहीला वेगळी. पोर्टनासुद्धा जात आहे: रिलेचा ९००१, यादीचा ९०३०, स्थानिक प्रोग्रामसाठीचा ९०५०, नियंत्रणाचा ९०५१. यापलीकडचा पोर्ट उघडायचा तर ॲडमिनने त्यासाठी ठेवलेली कळ मुद्दाम दाबावी लागते. परक्याने टॉर ताब्यात घेतलं तरी त्याला मनमानी दार उघडून साथीदारांना आत बोलावता येत नाही.

या पहाऱ्याची पहिली झळ मात्र चोराला बसत नाही, ती ॲडमिनला बसते. कुणीतरी ओनियन सेवा उभारतो आणि तिचं फोल्डर सोयीसाठी आपल्या घरच्या फोल्डरात ठेवतो. परवानग्या बरोबर असतात, मालकी बरोबर असते, आणि तरीही टॉर सुरू होत नाही. ‘परवानगी नाही’ एवढाच निरोप येतो. परवानग्या तीनतीनदा तपासल्या जातात, फाइल सगळ्यांना खुली करून पाहिली जाते, तासभर जातो. मालकाने दिलेली परवानगी या पहारेकऱ्याला पुरत नाही, त्याला यादीत नाव लागतं, हे तेव्हा उमगतं. ॲपआर्मरमध्ये उपाय एका ओळीचा असतो. स्थानिक बदलांसाठी ठेवलेल्या फाइलीत त्या फोल्डराचा पत्ता लिहायचा आणि नियमावली पुन्हा वाचायला लावायची. वैतागलेले काहीजण ती ओळ न लिहिता सगळा पहाराच उठवतात. सक्तीच्या नियंत्रणाचा इतिहास लिहिताना या वैतागाला बाजूला सारता येत नाही. फेडोरा कोअर २ च्या कडक नियमावलीपासून तो सतत सोबत आहे, आणि नियम लिहिणाऱ्यांनी त्याच्यापुढे वेळोवेळी आपली यादी सैल केली आहे.

टॉरला कोंडलं तरी त्याच्या पुढ्यात बसलेला ब्राउझर मोकळाच होता. ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रीडम होस्टिंग या सेवेवरच्या अनेक ओनियन साइटांवर एक घातक कोड पेरलेला आढळला. टॉर ब्राउझर ज्या फायरफॉक्सवर बेतलेला आहे त्याच्या जुन्या आवृत्तीतली एक चूक हा कोड वापरत होता. विंडोजवर चालणारा ब्राउझर त्याच्या कह्यात गेला की तो टॉरला वळसा घालून थेट एका सर्व्हरशी बोलत असे आणि यंत्राची खरी ओळख सांगत असे. एफबीआयने नंतर हे आपलं काम असल्याचं मान्य केलं. टॉरचे पापुद्रे शाबूत होते. त्या वाटेने जायचंच नाही असं ब्राउझरने ठरवल्यावर त्यांचा उपयोग नव्हता.

याला दोन प्रकारे तोंड देण्यात आलं. २०१२ मध्ये सुरू झालेल्या हूनिक्सने ब्राउझर एका आभासी यंत्रात आणि टॉर दुसऱ्या आभासी यंत्रात ठेवला. ब्राउझरच्या यंत्राला बाहेरचा रस्ताच माहीत नाही, त्याच्या सगळ्या वाटा टॉरच्या यंत्राशी संपतात. टेल्स ही पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली दुसऱ्या वाटेने गेली. एडवर्ड स्नोडेन यांच्याकडची एनएसएची कागदपत्रं हाताळताना पत्रकारांनी टेल्स वापरलं होतं, त्यामुळे तिच्याकडे जगाचं लक्ष होतं. फेब्रुवारी २०१५च्या टेल्स १.३ मध्ये टॉर ब्राउझरलाच ॲपआर्मरच्या कोठडीत घातलं गेलं. तेव्हापासून टेल्समधला ब्राउझर वापरणाऱ्याच्या इतर फाइली पाहू शकत नाही. डाउनलोड करायचं किंवा काही पाठवायचं तर तेव्हा ते ‘टॉर ब्राउझर’ नावाच्या ठरावीक फोल्डरातूनच करावं लागे. अनेकांना ही ने-आण जाचक वाटली. पण एखादी दुष्ट साइट ब्राउझरवर कब्जा करून बसली, तर पत्रकाराच्या मुलाखतींच्या फाइली तिच्या हाती लागणार नव्हत्या, त्या एवढ्याशा गैरसोयीमुळे.

टॉरने स्वतःही आपले हात बांधून घेतले. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झालेल्या ०.२.५ या मालिकेत सॅन्डबॉक्सचा पर्याय आला. तो चालू केला असेल, तर टॉर सुरू होताच कर्नलला सांगतो की यापुढे मी एवढ्याच प्रकारच्या मागण्या करीन, याखेरीज काही मागितलं तर ते माझं नाही असं समज. बाहेरून लादलेली नियमावली आणि आतून घातलेलं बंधन एकत्र आलं. पुढे टॉरच्या विकासकांनी २०१६ पासूनच्या आपल्या सुरक्षा-चुका मोजून पाहिल्या, तेव्हा निदान निम्म्या चुका रस्ट या भाषेत होऊच शकल्या नसत्या असं त्यांना आढळलं. सी भाषेतला टॉर रस्टमध्ये नव्याने लिहिण्याचं त्यांचं काम आर्टी या नावाने चालू आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. २०११ सालची ती सांडणारी जागा ही रस्टमध्ये होऊ न शकणाऱ्या चुकांच्याच जातीची होती.

इतकं करूनही काही गोष्टी या पहाऱ्याच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि हे काम करणारे लोक ते मोकळेपणाने सांगतात. टॉरला जे माहीत असणं भाग आहे, ते टॉर ताब्यात घेणाऱ्यालाही कळतं. नियमावली त्याला शेजारच्या खोल्यांत जाऊ देत नाही, पण त्याच खोलीतली किल्ली त्याच्यासमोर असते. नेटवर्क तर टॉरला द्यावंच लागतं, त्यामुळे त्या यंत्राचा खरा पत्ताही झाकून राहत नाही. २०१४ मध्ये काही रिले जानेवारीच्या अखेरीस जाळ्यात शिरून ४ जुलैला हाकलले जाईपर्यंत ओनियन सेवा वापरणाऱ्यांचा माग काढत होते. तो हल्ला वाहतुकीत खुणा पेरून केलेला होता, आणि कुठल्याही यंत्रावरच्या फाइलींचे नियम त्याला अडवू शकले नसते.

शेवटच्या रिलेबद्दलचा एक गैरसमज तर आपल्या दारापर्यंत आला होता. २००७ मध्ये स्वीडनमधल्या एका सुरक्षा सल्लागाराने पाच एक्झिट, म्हणजे शेवटचे, रिले चालवले आणि त्यांतून जाणारी न झाकलेली ई-मेल वाहतूक पाहिली. त्याने जाहीर केलेल्या शंभर खात्यांच्या पासवर्डमध्ये अनेक देशांचे दूतावास होते, भारताचे काही दूतावास होते, संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ होती, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचंही नाव होतं. टॉर प्रवासी लपवतो, पण त्याची पिशवी शिवत नाही. ई-मेल मुळातच उघडा पाठवला असेल, तर शेवटच्या रिलेवर बसलेला माणूस तो वाचतो, मग तो रिले कितीही कडक नियमावलीत चालत असो.

४ ऑक्टोबर २०१३ रोजी स्नोडेन यांच्याकडून आलेलं एनएसएचं एक सादरीकरण ‘गार्डियन’ने छापलं. टॉर आपल्याला नकोसं आहे असं त्याचं शीर्षकच सांगत होतं, आणि सगळ्या वापरणाऱ्यांची ओळख सदासर्वकाळ उघडी पाडणं कधीच जमणार नाही अशी कबुली त्यात होती. त्या दिवसांत बऱ्याच सर्व्हरचालकांनी एसईलिनक्सकडे संशयाने पाहिलं. ज्या संस्थेला टॉर फोडायचं आहे, तिनेच लिहिलेल्या पहारेकऱ्याच्या हाती टॉर द्यायचं? उत्तर कोडमध्ये होतं. २००० सालापासून तो सगळ्यांसमोर पडलेला होता, एनएसएबाहेरच्या शेकडो हातांनी तो दुरुस्त केला होता, आणि तो आता कुणा एका संस्थेचा उरला नव्हता. टॉरही तसाच नौदलाच्या प्रयोगशाळेतून निघून जगभरच्या स्वयंसेवकांचा झाला होता. राज्यसत्तेची गुपितं राखण्यासाठी वेअर आणि अँडरसन यांच्या काळात सुरू झालेला विचार आता एखाद्या बातमीदाराचं, एखाद्या छळ झालेल्या बाईचं, एखाद्या बंदी घातलेल्या वर्तमानपत्राच्या वाचकाचं गुपित राखत होता.

जुलै २०१९ मध्ये डेबियन १० आलं. त्यात ॲपआर्मर सुरुवातीपासूनच चालू होतं, कुणी मागायची गरज उरली नाही. त्या दिवसापासून डेबियनवर टॉर बसवणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, कोठडीतलाच टॉर चालवतो. त्याने ॲपआर्मरच्या स्थितीची यादी मागवली तर सक्तीने लागू असलेल्या नियमावल्यांमध्ये ‘सिस्टिम-टॉर’ हे नाव दिसतं. बहुतेकजण ती यादी कधी मागवत नाहीत. एखाद्या रात्री कर्नलच्या नोंदवहीत एक ओळ पडते: टॉरने अमुक फाइल मागितली, नकार दिला. बहुतेक वेळा तिच्यामागे चुकीच्या जागी ठेवलेलं फोल्डर असतं. सकाळी ॲडमिन ती ओळ उघडतो आणि टॉरला ती फाइल कशाला हवी होती, हे शोधायला बसतो.